मालकाचे नाव : म्हसोबा

अण्णा, तुम्हाला बसवून ठेवलं होतं. तुमच्यात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. सोलापूरहून सकाळची अक्कलकोट गाडी धरली, फाट्यावर उतरून पुढं तुमच्या गावापर्यंत तंगडतोड केली आणि दारात येऊन बघतो तर तुम्ही भिंतीला टेकून बसलेले. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोक्याला तोच पटका. समोर कानडी भजन चाललेलं. गुरांच्या छावणीतल्या तंबूत दुपारी तुम्ही अगदी अस्सेच बसायचात, आणि मी आत पाऊल टाकलं की डोळे न उघडता म्हणायचात, "या भाऊसाहेब, आज कंचा नियम आणलाय?" खरं सांगतो, दोन मिनिटं मी उंबऱ्यात उभा राहिलो ते या वाक्याची वाट बघत. मग वहिनींनी मला पाहिलं आणि त्या रडायला लागल्या. तेव्हा कुठं मी चपला काढल्या.

भाऊसाहेब म्हणजे मी. कचेरीतला कारकून. खेड्यापाड्यात कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, आणि तुम्ही तर माझं खरं नाव कधी विचारलंसुद्धा नाहीत. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातले स्टॉकमन. लस टोचणार, जखमा धुणार, अडलेली गाय सोडवणार. शेतकरी तुम्हाला डॉक्टर म्हणत, तुम्ही प्रत्येकाला सांगत बसायचात की मी डॉक्टर न्हाय, आणि पुन्हा ते डॉक्टरच म्हणत. आपली गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळात.

गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं अशा चाळीत मी वाढलो. दूध गवळ्याच्या मापातून येतं एवढंच मला ठाऊक. जनावराच्या मागून जावं की पुढून याचीही अक्कल नाही. अशा माणसाला साहेबांनी बोलावलं, हातात एक जाडजूड पुस्तक आणि कोरी नोंदवही दिली आणि सांगितलं की अक्कलकोट रस्त्याच्या माळावर गुरांची छावणी उघडतोय, टंचाईचे सगळे नियम यात आहेत, एकही चुकता कामा नये. मी ते पुस्तक परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. जनावर आत घेताना मालकाचं नाव, गाव, तलाठ्याचा दाखला, मालकाचा अंगठा. गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला. छावणीतला चारा छावणीबाहेर जाता कामा नये. मेलं तर पंचनामा. मला वाटलं, एवढं केलं की गुरं जगली.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. मी टेबल मांडून, नोंदवहीत रेघा मारून बसलोय, आणि तुम्ही टेबलाच्या आधीच रांगेत शिरून जनावरांना सुया टोचताय. मी ओरडलो, "अहो, आधी नोंद, मग लस!" तुम्ही मागंही वळून बघितलं नाहीत. "घटसर्प नोंदवही बघून येत न्हाय, भाऊसाहेब. आमी टोचतो, तुमी लिवा." रांगेतली माणसं हसली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. दुपारी तुम्ही फडकं सोडलंत, कडक भाकरी मोडलीत, शेंगाची चटणी ठेवलीत आणि अर्धा वाटा न विचारता माझ्याकडं सरकवलात. मीही न बोलता खाल्ला. त्यानंतर छावणी मोडेपर्यंत आपली भांडणं रोज झाली आणि अर्धी भाकरीही रोज मिळाली. वहिनींना ठाऊक होतं, त्या एक जास्तीची बांधायच्या.

तुमच्या मेणकापडाच्या पिशवीत ते पातळसं चोपडं असायचं. जनावरांना निर्दयपणानं वागवू नये म्हणून केलेला कायदा. इंग्रजीत होता. कुणा डॉक्टरानं तुम्हाला दिलेला, आणि तुम्ही पोथीसारखा तो जपलेला. एका दुपारी तुम्ही तो माझ्यापुढं धरलात आणि म्हणालात, "हितं काय लिवलंय, नीट सांगा बगू. मला अक्षरं लागत्यात, अर्थ लागत न्हाय." मी शहाणा, फुशारकीनं वाचून दाखवलं. ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली जनावर असेल, त्यानं त्याचं नीट होईल ते बघायचं आणि त्याला विनाकारण हाल सोसू द्यायचे नाहीत, हे त्याचं कर्तव्य. तुम्ही दोनदा विचारलंत, "मालकाचं न्हाय म्हणत? ताब्यात आसंल त्येचं?" मी म्हटलं, होय, ताब्यात असेल त्याचं. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि चोपडं पिशवीत घातलंत. माझ्याच हातानं मी तुम्हाला दारूगोळा पुरवला हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

मग चिंचेवाडीची माणसं आली. पंधरा-वीस घरांची गुरं, पोरंबाळं, भांडीकुंडी. सगळ्यांचे दाखले होते, सगळ्यांचे अंगठे झाले. आणि त्यांच्या मागं, कुणी न हाकता, कुणी न धरता, आपल्या चालीनं आला तो वळू. पांढराशुभ्र खिलार, खांद्याएवढी शिंगं, आणि नाकात वेसण नाही. हाडं वर आलेली तरी ऐट कमी नाही.

मी पेन उचललं. "याचा मालक?"

"म्हसोबा," गुरव म्हणाला.

मी लिहायलाही लागलो. "बापाचं नाव?"

गर्दीत खसखस पिकली. तुम्ही तर तोंडाला उपरणं लावून मागं वळलात. मग मला सांगण्यात आलं की हा देवाला सोडलेला वळू. याला कुणी बांधत नाही, वेसण घालत नाही, कुणाच्याही रानात शिरला तरी हाकलत नाही, उलट हात जोडतात. मी म्हटलं, ठीक आहे, देवाचा असू दे, पण अंगठा कुणाचा तरी पाहिजे. नियम आहे. कुणीतरी पुढं व्हा.

एकही पुढं आला नाही. गुरव म्हणाला, "आमी त्येचं चाकर, सायेब. चाकरानं मालक म्हणून अंगठा द्यायचा व्हय? माज्या हातनं न्हाय व्हायचं." दुसरा म्हणाला, "माज्या बैलाच्या वाट्याचं अर्धं वाढं त्येला घाला की. पर माजं नाव लावू नगा. देवाच्या मालावर नाव लावलं तर घर बसतंय." बायकाही तेच म्हणाल्या. सगळे आपल्या जनावराच्या तोंडचा घास द्यायला तयार, पण शाईला बोट लावायला कुणी तयार नाही. मी वैतागून म्हटलं, मग न्या त्याला परत. गुरव म्हणाला, "कुटं न्यायचा? तितं पानी आसतं तर आमी हितं आलो आसतो का?"

तुम्ही म्हणालात, "माजं नाव लावा." मी पुस्तक उघडून दाखवलं. छावणीवरच्या कर्मचाऱ्याचं जनावर छावणीत घेता येत नाही. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर खरंखुरं चिडलात. "काय तुमचं पुस्तक हाय हो! ह्येच्यात जनावर कुटं हाय? समदी माणसंच हायत." मी म्हटलं, नियम मी केलेले नाहीत. आणि फाटकाचा आडवा बांबू खाली घातला.

दोन दिवस तो बाहेर उभा होता, अण्णा. सावलीचं झाड नाही. आतून वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वास येतोय, चिंचेवाडीची गुरं दावणीला खाताहेत, आणि हा बांबूपाशी. पहिल्या दिवशी एक बाई डोक्यावर वाढ्याची पेंढी घेऊन गुपचूप बाहेर निघाली. मी तिला अडवलं. चारा बाहेर नेता येत नाही म्हटलं आणि पेंढी खाली ठेवायला लावली. तिनं पेंढी ठेवली, पदर सारखा केला आणि गेली. तुम्ही हे बघत होतात. जराशानं तुम्ही बादली भरलीत आणि माझ्या टेबलाजवळूनच बाहेर गेलात. मी तोंड उघडायच्या आधी म्हणालात, "पुस्तकात चारा लिवलाय. पानी लिवलेलं न्हाय." त्याच्या पुढ्यात बादली ठेवून तुम्ही कानडीत बोललात, "बा मगा, नीरु कुडी." ये बाळा, पाणी पी. तो प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला, फक्त तुमच्या हातून. गुरवानं बादली धरली तर तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून आलो तर बांबूच नाही. दोन्ही खांब मोकळे, आणि वळू आत, वाढ्याच्या ढिगाशी, निवांत रवंथ करतोय. तुम्ही तंबूबाहेर दात घासत होतात.

"बांबू कुठाय?"

"किडला हुता. काढला."

"आणि हा?"

"चालत आला. आता हितं हाय. आता ताबा कुनाचा, भाऊसाहेब? तुमीच अर्थ सांगितला हुता की." तुम्ही चूळ भरलीत. "घ्या पेन. लिवा."

मी लिहिलं. संतापून, पेन दाबून दाबून. मालकाचे नाव : म्हसोबा. राहणार : मौजे चिंचेवाडी. अंगठ्याची जागा कोरी. मी ते गमतीनं लिहिलं नव्हतं हे आज सांगतो. जो कुणी वही बघेल त्याच्या डोळ्यांत ते नाव खुपावं म्हणूनच लिहिलं. आणि तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, बारीक अक्षरात टाकलं : स्टॉकमन यांचे तोंडी हुकुमावरून, नियमबाह्य. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी नामानिराळा. संध्याकाळी वही तुमच्यापुढं आली आणि तुम्ही रोजच्यासारखी खाली सही केलीत, ती तुमची कानडी वळणाची, हळूहळू काढलेली सही.

आठवड्याभरात साहेबांची जीप आली. साहेब छावणी फिरले, वही चाळली आणि म्हसोबाचं नाव वाचून मोठ्यानं हसले. मलाही हायसं वाटलं. मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं आणि हसणं थांबलं. ते म्हणाले, "नुसतं नाव असतं तर मी बघून न बघितल्यासारखं केलं असतं. पण तुम्हीच नियमबाह्य असा शेरा मारलाय. आता मला काहीतरी करणं भाग आहे." तुमच्याकडून खुलासा मागितला. आणि बार्शीकडच्या छावणीला माणूस कमी आहे असं म्हणून चार दिवसांत तुमची तिकडं रवानगी झाली. घर इकडं, वहिनी इकडं, तुम्हाला नुकतीच खोकल्याची सुरुवात झालेली.

त्या दिवशी जाताना साहेबांनी वळूचाही निकाल लावला. "तो आता आत आहे. बाहेर काढला तर त्याचे हाल होतील आणि ते आपल्या माथी येतील. राहू दे. पण देव काही अंगठा देणार नाही. ताबा कुणाचा ते लिहा." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ज्यानं मालक लिहिलाय त्याचाच लिहा." माझ्या अक्षरात मला माझं नाव लिहावं लागलं. नियमानं मी त्या वळूचा ताबेदार झालो. चिंचेवाडीच्या लोकांनी तोंडात बोटं घातली.

तुम्ही निघालात तेव्हा मी वहीत डोकं घालून बसलो होतो. पिशवी खांद्याला लावून तुम्ही टेबलाशी आलात. मला वाटलं, आता ऐकवणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "भाऊसाहेब, त्येला मराठी कळत न्हाय. पान्याला कानडीच बोला. वायलं बोलला तर पीत न्हाय." आणि एसटी गाठायला रस्त्याकडं चालू लागलात. भाकरीचं फडकं मात्र माझ्या टेबलावर राहिलं होतं, त्या दिवशीचा माझा अर्धा वाटा बांधलेलं.

पुढची मजा तुम्हाला मी अर्धीच सांगितली होती, आज पुरी सांगतो. पहिल्या दिवशी तो पाणी प्यायलाच नाही. मी बादली लांबून ढकलायचो, तो शिंगानं परत ढकलायचा. "पी रे बाबा, पी की लेका," मी आपला मराठीत गयावया करतोय आणि चिंचेवाडीची सगळी गल्ली रांगेनं बसून बघतेय. त्याच्या डोळ्यांत मला काळजी दिसली नाही, काळजी सगळी माझीच. मेला असता तर पंचनाम्यात ताबेदार मी. पण ते कारण दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी ऊन चढलं, त्याची जीभ बाहेर आली, आणि मला एकदम ती पेंढीवाली बाई आठवली. लाज सोडली, बादली घेतली, अगदी त्याच्या तोंडाशी गेलो. "बा मगा," म्हणालो. आवाज फाटला. "नीरु कुडी." त्यानं कान हलवले. तुमचा आवाज नाही हे त्याला कळलंच असणार. तरीपण प्यायला. बादली रिकामी केली आणि ओलं नाक माझ्या सदऱ्याला पुसलं. मागं बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि मला, अण्णा, रडायला आलं. आयुष्यात माझ्या हातून कुणी पाणी प्यायलेलं नव्हतं.

तिथून पुढं मी त्याला रोज पाणी दाखवलं, गोचिड्या काढल्या, खुराला खडा रुतला तो गुरवाकडून शिकून काढला. चाळीत माझ्या अंगाला शेणाचा वास येतो म्हणून बायको बाहेरच अंघोळीचं पाणी ठेवायची. तुमच्या पोस्टकार्डात दर खेपेला एकच ओळ असायची : वळू कसा आहे. मी उत्तरात लिहायचो : ठीक आहे. बाकी काही लिहीत नव्हतो. शेऱ्याबद्दल तर नाहीच.

आणि ही गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. तुम्ही बार्शीकडं असतानाची. एका सकाळी हद्दीपलीकडून, विजापूर बाजूनं, एक म्हातारी आली. एक भाकड गाय, दाव्याला धरलेली. दाखला नाही. असता तरी चालला नसता, कारण छावणी आपल्या जिल्ह्यातल्या जनावरांसाठी. नियम मला तोंडपाठ होता. बाई कानडीत काहीतरी सांगत होती, त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं, आणि गाय बांबूवर मान टाकून उभी होती. मी पुस्तक उघडलं. मग मिटलं. उठलो, बांबू उचलून बाजूला ठेवला. मला कानडी चारच शब्द येत होते, त्यातला पहिला म्हटला, "बा." म्हातारी आधी माझ्याकडं बघत राहिली आणि मग एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वडीलधाऱ्या बाईला "बर्री" म्हणायचं असतं, बा म्हणतात वासराला, हे मला नंतर कळलं. पण ती आत आली. वहीत मी तिचं नाव लिहिलं, गाव खरं तेच लिहिलं, आणि शेरा कोरा ठेवला.

हे मी तुम्हाला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असतात. दुसरं काही कारण नाही. माझा स्वभावच तसा आडमुठा, नाकावर माशी बसू न देण्याचा, तुम्हाला काय सांगायचं.

छावणी मोडायची वेळ आली, तेव्हा तुम्ही परत आलात. वाळला होतात, पण पहिल्यांदा गेलात ते वळूपाशी. आता नियम असा की मालकाला नोटीस द्यायची, सात दिवसांत जनावर न्यावं म्हणून. सगळ्यांना दिल्या. मग राहिला तो. वहीत मालक म्हणून जे नाव, नोटीस त्यालाच. मी सरळ लिहून काढली. श्री. म्हसोबा, राहणार मौजे चिंचेवाडी, यांस. आपल्या मालकीचा एक वळू, रंग पांढरा, छावणीत असून तो सात दिवसांचे आत घेऊन जावा, न नेल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल. खाली माझी सही, वर शिक्का. आणि कोतवालानं ती बजावून आणलेल्या प्रतीच्या मागं तलाठ्यानं काय लिहिलं होतं ते तुम्हीच मला वाचून दाखवलंत, हसता हसता वाढ्याच्या ढिगावर बसून : सदर इसम समक्ष हजर असून सही करण्यास असमर्थ, सबब नोटीस देवळाचे दारास चिकटवली. तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि मी तुम्हाला पाणी दिलं. "नीरु कुडी," मी म्हणालो. तेव्हा तर तुम्ही ढिगावर आडवेच झालात.

सातव्या दिवशी सगळी चिंचेवाडी हलगी वाजवत आली. गुरवानं नारळ फोडला. "मालकानं आमाला धाडलंय," म्हणाला. वळू जसा आला होता तसाच, न धरता, न हाकता, आपल्या चालीनं गेला. फाटकाशी एकदा थांबला. तुम्ही म्हणालात की तो माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, तुमच्याकडं. त्यावरही आपण वाद घातला.

नंतर दर वर्षी सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, जनावरांच्या बाजारात, आपली भेट ठरलेली. तुम्ही बैलांचे दात बघत हिंडायचात, मी तुमच्या मागं. मग चहा, तो तुम्ही बशीत ओतून फुंकर मारायचात आणि विषय काढायचात. "भाऊसाहेब, एकदा म्हणा की चुकलं." मी म्हणायचो, "नियम म्हणजे नियम, अण्णा. मालक नाही तर जनावर आत घ्यायचं कसं?" तुम्ही म्हणायचात, "म्हणा की. हितं कोन ऐकतंय?" मी उठून चहाचे पैसे द्यायचो. या जानेवारीतसुद्धा तसंच झालं. तुमच्या हातातली बशी हलत होती, चहा सांडत होता. मी बघितलं आणि विचारलं नाही.

मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्ही बांबूबद्दल म्हणताय. त्या दोन दिवसांबद्दल. परवा तुमच्यापुढं बसलो होतो, भजन चाललं होतं, आणि एकाएकी मला आठवलं. रोज संध्याकाळी सही करण्याआधी तुम्ही वहीतली ओळन् ओळ बोटानं वाचायचात. मराठी तुम्हाला सावकाश वाचता यायचं, पण यायचं. म्हणजे तो शेरा तुम्ही वाचला होतात. माझ्यासमोर वाचला होतात, आणि खाली सही केली होतीत. आणि दुसऱ्या दिवशी मला अर्धी भाकरी दिली होतीत. मग गड्ड्यावर कशाबद्दल म्हणा म्हणत होतात? बांबूबद्दल की याबद्दल?

चुकलं, अण्णा. दोन्ही चुकलं. बांबू घातला ते चुकलं आणि तो शेरा लिहिला ते तर फारच चुकलं. आता म्हणतोय. भजन चालू होतं तेव्हाही तोंडातल्या तोंडात म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही. तुम्ही म्हणायचात तसंच झालं, कोण ऐकतंय.

तुमच्या शेताच्या बांधाशी तुम्हाला ठेवलं. मीही बेलाचं पान आणि मूठभर माती टाकली. वहिनी सगळ्यांना सोडून माझ्याशी आल्या, म्हणाल्या, "भाऊसाहेब, ऊट माडी, जेवल्याबगर जाऊ नगा." ताटात कडक भाकरी होती, अख्खी. मी अर्धी मोडून बाजूला ठेवली. हातानं आपोआप ठेवली, मग कळलं.

निघता निघता ग्रामसेवक वही घेऊन आला, मृत्यूच्या नोंदीची. तुमच्या मेव्हण्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हे हापिसातले हायत, हेच लिवतील." ग्रामसेवकानं आनंदानं वही माझ्यापुढं सरकवली. मयताचे नाव लिहिलं. गाव लिहिलं. खबर देणाऱ्याचे नाव, तिथं माझं लिहिलं. पुढचा रकाना होता, मयताशी नाते.

रक्ताचं नाही, जातीचं नाही. मित्र म्हणावं तर एक दिवस भांडल्याशिवाय गेला नाही. ग्रामसेवक म्हणाला, "काय बी लिवा, सायेब, रकाना भरला म्हंजे झालं." मग मी लिहिलं : त्यांच्या ताब्यातला.

त्यानं वाचलं आणि डोकं खाजवलं. "असं नातं चालंल का पर?"

मी म्हटलं, "नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. नियम आहे."

शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो मी कोरा सोडला आणि खाली सही केली.